असावा, असेल, असणार

शनिवारी दुपारी मनूच्या इंग्रजीच्या वहीत दहा रिकाम्या जागा होत्या आणि त्या भरायला चार शब्द : मस्ट, माइट, कुड, कान्ट. पहिलंच वाक्य होतं, 'द लाइट्स आर ऑफ. दे डॅश बी आउट.' मनूने मस्ट लिहिलं. पुस्तकाच्या हिशेबाने बरोबर. पण सवयीप्रमाणे तिने ते मोठ्याने मराठीत सांगितलं, आणि बाजूला मेथी निवडत बसलेल्या आजीने मान वर केली.

"कशावरून बाहेर गेलेत? झोपले असतील. नाहीतर लाइट गेली असेल."

"आजी, तसं नसतं. पुस्तकात ते बाहेरच गेलेत."

"मग पुस्तकालाच विचार की, कुठे गेलेत ते."

आजी म्हणजे माझी आई. आमच्या नौपाड्यातल्या घरात अंदाज बांधण्याचा हा विषय तिच्याकडे पहिल्यापासून आहे. तिची प्रयोगशाळा म्हणजे दारावरची बेल. एकदाच तुटक वाजली की ती हातातलं काम न थांबवता म्हणते, "कुरिअरवाला असेल." दोनदा लागोपाठ वाजली की गुडघ्यावर हात टेकत उठता उठता, "तळमजल्याच्या काकू असणार." आणि वाजून नुसती शांतता पसरली की जागेवरूनच, "चुकून आलेला असावा कोणीतरी." असेलला ती उठत नाही, असणारला उठते. मनूच्या पुस्तकात खात्री किती आणि शब्द कुठला याचा एक तक्ता आहे. आईच्या बाबतीत ती उठली का एवढं पाहिलं की पुरतं.

गंमत म्हणजे तिचं 'असेल' इंग्रजीतही जसंच्या तसं आहे. बेल वाजल्यावर इंग्रज माणूस 'दॅट विल बी द मिल्कमन' म्हणतो, तेव्हा दूधवाला उद्या येणार असं त्याला म्हणायचं नसतं. तो आत्ता दारात उभा आहे. रूप भविष्यकाळाचं, गोष्ट आत्ताची. आपणही तेच करतो. मनूच्या चार शब्दांत हे विल नाही. का नाही कोण जाणे, मराठी पोराला तेच सगळ्यात आधी कळलं असतं.

खरी भानगड असावाची आहे. 'त्याने जावं' हे कर्तव्य, 'तो गेला असावा' हा अंदाज, आणि दोन्हीकडे शेपूट तेच, शाळेत विध्यर्थ म्हणून घोकलेलं. इंग्रजीतही 'ही मस्ट गो' म्हणजे जायलाच हवं आणि 'ही मस्ट हॅव गॉन' म्हणजे गेलेला असणार. सक्ती आणि तर्क दोन्ही भाषांनी एकाच डब्यात भरून ठेवलेत. यात तथ्य असावं (बघा, आलंच). पुरावा समोर असला की तोही दुसरीकडे जाऊ देत नाही, दंडाला धरून निष्कर्षावर नेऊन सोडतो. मस्टची कुळकथा तर आणखी मजेदार. जुन्या इंग्रजीत परवानगी सांगणारं एक क्रियापद होतं, त्याचं हे भूतकाळी रूप. 'मुभा आहे' वरून 'भाग आहे' वर आलं, आणि तिथून 'असणारच' वर. मुळातच भूतकाळी असल्यामुळे याला स्वतःचा वेगळा भूतकाळ नाही. मागची गोष्ट सांगायची तर हॅवची कुबडी घ्यावी लागते.

म्हणून असावा म्हणजे मस्ट, असं समीकरण मी शाळेत पाठ केलं आणि त्याची किंमत नोकरीत मोजली. आपला असावा टोपी काढून उभा असतो. 'चोरटे माहीतगार असावेत, असा पोलिसांचा अंदाज आहे' हे वाचून कोणी माहीतगारांच्या घरी जात नाही. मस्ट मात्र कॉलर धरतो. पहिल्या नोकरीत महाप्याच्या ऑफिसात असताना मूळ कागदांची एक फाईल सापडेना. मनात होतं, 'फाईल तुमच्याकडे असावी.' इंग्लंडच्या ऑफिसातल्या माणसाला ईमेल गेला, 'द फाईल मस्ट बी विथ यू.' त्या भल्या माणसाने दोन दिवस कपाटं उपसली आणि एका ओळीत थंडपणे कळवलं की फाईल तिथे नाही, आणि माझ्या खात्रीला आधार काय हेही त्याला जाणून घ्यायला आवडेल. फाईल माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होती, दिवाळीच्या मिठाईच्या रिकाम्या बॉक्सखाली. एक माइट लिहिलं असतं तर त्याची कपाटं वाचली असती.

पाचव्या वाक्याला मनू अडकली. 'ही डॅश बी अ‍ॅट होम, आय जस्ट सॉ हिम अ‍ॅट द स्टेशन.' तिने मस्ट नॉट लिहिलं. चार शब्दांत ते नव्हतंच, पण मस्टच्या उलट मस्ट नॉट, यात पोरीचं काय चुकलं? तर तिथे मस्ट नॉट म्हटलं की बहुतेकदा मनाई होते : याने घरी थांबता कामा नये. पुस्तकाला हवं होतं कान्ट. मी म्हटलं, "आजी काय म्हणाली असती?" मनू लगेच म्हणाली, "शक्यच नाही." झालं, तेच कान्ट. 'शक'चा नकार त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही.

हे 'शक्यच नाही' आईला दुसऱ्यांच्या तर्काबाबत चटकन सुचतं, स्वतःच्या बाबतीत सुचत नाही. धाकटा भाऊ डोंबिवलीला राहतो. पूर्वी त्याची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून यायची, आणि त्याचा फोन लागला नाही की आई म्हणायची, "बोगद्यात असणार." तो 1916 सालचा बोगदा आहे सुमारे 1.3 किलोमीटरचा, गाडी दोन-तीन मिनिटांत बाहेर. आईच्या हिशेबाने भाऊ कधी कधी चाळीस मिनिटं आत असायचा. बोगदा नसता तर त्या चाळीस मिनिटांत तिने काय काय अनुमानं काढली असती, या विचाराने आम्ही कोणी तिला दुरुस्त केलं नाही.

आणि चार शब्दांत न मावणारं आपल्याकडे किती आहे! 'पाहुणे आले वाटतं.' 'बाबा रागावलेले दिसतायत.' 'दूध उतू गेलं की काय!' या 'की काय'मध्ये तर्क अर्धाच आहे, उरलेला अर्धा माणूस स्वयंपाकघराकडे धावतोय. त्याला मस्ट-माइटसारखं कुठलं मोडल लावणार? मी थोडा वेळ प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

दहावं वाक्य आलं तोवर मेथी संपली होती. 'हर फोन इज स्विच्ड ऑफ. शी डॅश बी इन अ मीटिंग.' मनूने माझ्याकडे पाहिलं. माइट की कुड? मी म्हटलं, दोन्ही चालतील, मीटिंगच असेल असं नाही, बॅटरी संपली असेल...

"बोगद्यात असणार," देठांचा कागद गुंडाळत आई म्हणाली, आणि उठली.