प्रत्येक खिडकीवर वय वेगळं

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं गावोगाव सापडतात. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी साल अंदाजाने धरत आणि पुढे १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये सुरू होई, प्रवेशाचं वय बरोबर बसे. त्या एका नोंदीवर माणसाचं तारुण्य आणि म्हातारपण पुढे मोजलं जातं. राज्य सरकारी कर्मचारी साधारणपणे ज्या महिन्यात ५८ पूर्ण करतो त्याच्या अखेरीला निवृत्त होतो, पण जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याची अखेर धरतात. ३१ मे रोजी शाळा-कचेऱ्यांत इतके निरोप समारंभ होतात ते यामुळेच.

तरुण कोण, याचा एकच आकडा मागायला जाऊ नका. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे १३ ते ३५, तर २०१४ च्या धोरणात १५ ते २९. सैन्यभरतीत विशी ओलांडली की दारं बंद व्हायला लागतात. एमपीएससीच्या बऱ्याच पदांना मात्र खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ पर्यंत अर्ज करता येतो. ही मर्यादा उदार आहे, पण अभ्यासिकेत बसलेल्या मुलाने तिला स्वतःची मर्यादा समजू नये. किती वर्षं द्यायची हे घरात बसून आधीच ठरवावं. जागा मोजक्याच असतात आणि पस्तिशीला कामाचा अनुभव कोरा असलेल्याला खाजगी नोकरीत कुणी चटकन उभं करत नाही.

मध्यमवय कायद्याला जवळजवळ ठाऊकच नाही. त्याचा माग लागतो तो घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांच्या फॉर्ममध्ये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाचीही, असं सरकारी आरोग्य यंत्रणेचं धोरण आहे. फॉर्ममध्ये वयाला गुण आहेत, कमरेच्या घेरालाही आहेत. बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० च्या पुढे गुण चढतात. एकूण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलावतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून लावायचा. पोट आत ओढून घेतलेलं माप काही कामाचं नाही. चाळिशीची वाट न पाहता तिशीतच हे सुरू होतं, आणि ते योग्यच आहे.

म्हातारपणाच्या मात्र पायऱ्याच पायऱ्या. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने ६० पूर्ण झालेला माणूस ज्येष्ठ नागरिक. त्याच कायद्यात आईवडिलांना वयाची अट नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. स्वतःचा खर्च भागत नसेल तर ५४ वर्षांची आईसुद्धा प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाहभत्ता मागू शकते. एसटीचं अर्धं तिकीट ६५ ला, पूर्ण मोफत प्रवास ७५ ला, तोही राज्याच्या हद्दीपर्यंत. आयुष्मान कार्डावर उत्पन्न न पाहता वर्षाला ५ लाखांचे उपचार मिळतात ते ७० पासून. जुन्या करप्रणालीत ६० ला ३ लाखांपर्यंत आणि ८० ला ५ लाखांपर्यंत कर नाही. नव्या प्रणालीत वयाची सवलतच नाही. घरून मतदान ८५ ला.

गरीब वृद्धांना दरमहा पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची ६५ वर्षांची अट मात्र खटकते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाची कंबर आणि गुडघे पन्नाशीतच जाब विचारू लागतात. वर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. ज्याला सर्वांत आधी म्हातारपण येतं, त्याला कागदावर ते उशिरा मिळतं. वयाची अट कामाच्या कष्टाप्रमाणे बदलायला हवी.

बहुतेकांचं काम अडतं ते कागदांतल्या फरकाने. आधारवर फक्त साल किंवा १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून, पॅनवर तिसरंच काही. आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर जाण्याआधी मूळ पुरावा ठरवून घ्या. जन्मदाखला, पासपोर्ट किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र असेल तर तेच धरा. नसेल तर शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा. शाळेत गेलेच नाहीत अशांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, म्हणजे गाव नमुना १४ ची, विदर्भात कोतवाल बुकाची, नक्कल मागा. जुन्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. त्यामुळे भावंडांच्या नोंदी एकमेकांच्या समजल्या जातात. थोरल्या-धाकट्याचा क्रम लावूनच नक्कल घ्या. तारीख ठरली की आधी आधार, मग पॅन, मग बँक.

बँकेचं आणखी एक. साठीला दोन-तीन महिने उरले असताना पाच वर्षांची ठेव करू नका. साठीआधी केलेली ठेव सहसा मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालते, ज्येष्ठांचा जादा दर आपोआप लागत नाही. तेवढ्यापुरती ९० दिवसांची ठेव करा. वाढदिवसानंतर दीर्घ मुदतीची करा, किंवा पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. तिथे ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. वयाच्या ५५ ते ६० दरम्यान निवृत्त झालेल्यांनाही ते उघडता येतं, फक्त निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत.