पासाचा अर्ज शेवटपर्यंत भरता यावा म्हणून

मी एका सार्वजनिक प्रवासी वाहतूक संस्थेच्या संगणक विभागात काम करते. बसची वेळापत्रकं, मार्ग, तक्रारी, सवलतीच्या पासाचे अर्ज हे सगळं आमच्या वेबसाइटवर असतं. दिव्यांग प्रवाशांचा पासही तिथूनच मिळतो. एका अंध प्रवाशाने लेखी तक्रार केली की, हा अर्ज मला दुसऱ्या कुणाला शेजारी बसवल्याशिवाय भरता येत नाही. ज्यांच्यासाठी सवलत ठेवली, त्यांनाच अर्ज भरता येऊ नये, ही गोष्ट मला फार लागली. ते पत्र टेबलाटेबलावरून फिरत माझ्याकडे आलं आणि साइट सुगम्य करायचं कामही त्याच्यासोबत आलं.

साइटच्या वरच्या पट्टीत अक्षर लहान-मोठं करायची बटणं होती, शेजारी रंग उलटे करायचं एक बटण. तेवढ्या भांडवलावर अहवालात ‘साइट दिव्यांगांसाठी सुलभ’ असं लिहिलं जायचं. पण अंध माणसाला मोठ्या अक्षराचा काय उपयोग? आणि कमी दिसणाऱ्याला अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये मुळातच असते. त्याला हवं असतं ते हे, की अक्षर मोठं केल्यावर पान मोडू नये. आमचं मोडत होतं. चारशे टक्के मोठं केलं की मेनू मजकुरावर चढायचा आणि ‘पुढे’ हे बटण पडद्याबाहेर जायचं.

आधी मोजपट्टी ठरवली. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची डब्ल्यूसीएजी ही वेब सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात. त्यांची २.० आवृत्ती २००८ सालची, २.१ ही २०१८ ची आणि २.२ ऑक्टोबर २०२३ ची. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. आम्ही २.२ ची डबल ए पातळी धरली. म्हणजे ए आणि डबल ए मिळून ५५ निकष. यादी पाहून छाती दडपते, पण सगळ्याच्या मुळाशी चार अपेक्षा आहेत: मजकूर डोळ्यांनी नाही तर कानांनी किंवा स्पर्शाने तरी पोचावा, साइट माउसशिवाय चालावी, जे आहे ते समजावं आणि वेगवेगळ्या साधनांवर नीट उघडावं. वरिष्ठांना पटवताना मी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं नववं कलम पुढे ठेवलं. २००६ च्या त्या करारात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर ‘हे करायचंच का’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘किती दिवसांत’ एवढाच उरला.

मग अ‍ॅक्स आणि वेव्ह ही तपासणीची साधनं साइटवर चालवली. चुकांची यादी एवढी लांब निघाली की कंत्राटदाराच्या माणसांचे चेहरे उतरले. यादी वाचताना मात्र लक्षात आलं की त्याच त्या चुका प्रत्येक पानावर येताहेत, कारण त्या शीर्षपट्टीत, मेनूत आणि तळपट्टीत आहेत. साचा एकदा दुरुस्त केला की शेकडो पानं एका झटक्यात सुधारतात. म्हणून सुरुवात तिथून केली. पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली होती, ती मराठी केली. त्याआधी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जायचा आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडायचं नाही. ‘थेट मुख्य मजकुराकडे’ हा दुवा पानाच्या अगदी सुरुवातीला घातला, म्हणजे प्रत्येक पानावर तोच लांबलचक मेनू ऐकत बसावं लागत नाही.

अशी साधनं कामाची आहेत, पण त्यांची मर्यादा पक्की ध्यानात ठेवावी. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारे शब्द, आहे की नाही हे साधन सांगतं. त्या मजकुराला अर्थ आहे का, हे नाही. आमच्या एका चित्राचा पर्यायी मजकूर ‘इमेज झीरो झीरो फोर’ असा होता आणि साधनाने त्याला बिनबोभाट पास केलं होतं.

याच सुमारास एक विक्रेता येऊन गेला. साइटमध्ये कोडची एक ओळ टाका, कोपऱ्यात आमचं चिन्ह दिसेल, साइट सुगम्य झाली म्हणून समजा, असं त्याचं म्हणणं. मी ठाम नकार दिला आणि तुमच्याकडे असं कुणी आलं तर तुम्हीही द्या. रकान्याला नाव नसेल तर ते नाव काय हे बाहेरच्या कोडला कळणार कसं? शिवाय अंध माणूस स्वतःचा स्क्रीन रीडर घेऊनच साइटवर येतो. त्याच्या सवयीच्या साधनावर आपण दुसरं साधन लादलं तर अडचणीत भरच पडते.

यानंतर मी माउस काढून ठेवला आणि फक्त कीबोर्डवर पासाचा अर्ज भरायला बसले. ही चाचणी कुणालाही करता येते, पैसे लागत नाहीत. टॅब दाबत गेले तर आपण पानावर कुठे आहोत तेच दिसेना. निवडलेल्या घटकाभोवती ब्राउझर जी चौकट दाखवतो, ती डिझायनरने ‘चांगली दिसत नाही’ म्हणून काढून टाकली होती. उपमेनू माउस वर नेल्यावरच उघडायचे. जन्मतारखेचं कॅलेंडर कीबोर्डला दादच देत नव्हतं आणि तारीख हाताने लिहायला बंदी. ‘अर्ज सादर करा’ हे बटण दिसायला बटण होतं, पण कोडमध्ये तो नुसता रंगवलेला चौकोन होता. टॅब त्याच्यावरून पुढे निघून जायचा. कंत्राटदाराने त्या चौकोनावर ‘हे बटण आहे’ अशी एरिया नावाच्या तंत्रातली चिठ्ठी लावायची तयारी दाखवली. मी एचटीएमएलमधलं खरं बटणच वापरायला लावलं. खऱ्या बटणाला कीबोर्ड आपोआप कळतो, स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणूनच वाचतो. चिठ्ठी लावून हे सगळं नव्याने जुळवत बसावं लागतं.

खरी तपासणी झाली ती रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना मानधन देऊन बोलावल्यावर. मानधनावर मी अडून बसले होते. हे तज्ज्ञांचं काम आहे. फुकट करून मागू नये.

पहिल्या दिवशी आलेल्या ताई एनव्हीडीए वापरत होत्या. हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, त्याचं काम २००६ पासून सुरू आहे. त्यांनी आवाजाचा वेग इतका ठेवला होता की मला एक शब्द कळत नव्हता. पान उघडताच त्यांनी एच हे अक्षर दाबलं. त्याने एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाता येतं. पान चाळायची त्यांची रीत हीच. उत्तर आलं, पुढे मथळा नाही. आमच्या पानावर डोळ्यांना मथळे भरपूर दिसत होते, पण ती सगळी नुसती ठळक अक्षरं होती. मग त्यांनी दुव्यांची यादी उघडली. ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’, ‘येथे क्लिक करा’. त्या यादीतून पासाचा अर्ज कुठला हे ओळखायचं कसं?

शोधून काढून अर्जावर पोचल्या. पहिल्या रकान्यात स्क्रीन रीडर म्हणाला, ‘एडिट, ब्लँक’. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘मॅडम, इथं काहीतरी लिहायचंय एवढं कळलं. पण काय लिहायचंय?’’ नाव, पत्ता, प्रमाणपत्र क्रमांक ही लेबलं रकान्यांच्या वर छापलेली होती, पण कोडमध्ये ती रकान्यांशी जोडलेलीच नव्हती. त्यांनी अंदाजाने सगळं भरलं, सादर केलं आणि काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर चुकलेले रकाने लाल झाले होते. बस, तेवढंच. लाल रंग न दिसणाऱ्याला, किंवा लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यालाही, तो अर्ज जागच्या जागी गोठल्यासारखा वाटणार. आणि सगळ्यात शेवटी कॅप्चा: वेडीवाकडी अक्षरं ओळखा. तिथे त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘‘इथवर आले की मी भाच्याला फोन करते.’’

त्या दिवसापासून आम्ही पानं मोजणं सोडून दिलं. अमुक टक्के पानं निकषांत बसतात या वाक्याला अर्थच नव्हता, कारण अर्जाची पाच पानं निर्दोष असून सहाव्यावर कॅप्चा अडवत असेल तर पास मिळत नाही. आम्ही कामांची यादी केली: पास काढणं, बसची वेळ पाहणं, तक्रार नोंदवणं, हरवलेल्या वस्तूची चौकशी करणं. प्रत्येक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्क्रीन रीडरने, कीबोर्डने आणि मोठ्या केलेल्या पडद्यावर पार पडतं का, एवढंच तपासायचं.

अर्जात रकान्यांना लेबलं जोडली. चुका झाल्या तर वरती शब्दांत यादी येते, कीबोर्डचा फोकस, म्हणजे निवड, तिथेच जातो आणि प्रत्येक ओळ थेट त्या रकान्याकडे नेते. ‘चुकीची माहिती’ ऐवजी ‘प्रमाणपत्राचा क्रमांक लिहायचा राहिला आहे’ असं लिहिलं. हा बदल डोळस प्रवाशांनाही सगळ्यात जास्त आवडला. कॅप्चा काढून टाकला. यंत्रांचे अर्ज सर्व्हरवरच ओळखण्याची आणि मोबाइलवर संकेतांक पाठवण्याची सोय केली. सुरक्षा विभागाशी यावरून बराच वाद झाला, पण कॅप्चाने नेमकं कोण अडतंय हे त्यांनी ताईंच्या शेजारी बसून पाहिलं आणि वाद मिटला. वेळ संपली की अर्ज पुसला जायचा, तेही बदललं. निकष सांगतो की मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, निदान २० सेकंद द्यावेत आणि एका साध्या कृतीने मुदत वाढवता यावी. हात थरथरणाऱ्या किंवा एका बोटाने टंकणाऱ्या माणसाला हीच सवलत लागते.

रंगांचं प्रकरण अनपेक्षितपणे ताणलं गेलं. साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा फरक लागतो, मोठ्या अक्षराला ३ ला १. संस्थेचा पिवळा रंग पांढऱ्यावर कुठेच बसत नव्हता. जनसंपर्क विभागाला वाटलं की आम्ही बोधचिन्हच बदलतोय. बोधचिन्हाला या निकषातून सूट आहे, हे दाखवल्यावर तोडगा निघाला: पिवळा पार्श्वभूमीला, अक्षरं गडद.

वेळापत्रकं म्हणजे स्कॅन केलेली चित्रं होती. ती खऱ्या तक्त्यांत आणली, ओळींना आणि स्तंभांना शीर्षकं दिली. आता बाणाची कळ दाबत गेलं की थांब्याचं नाव आणि वेळ दोन्ही ऐकू येतात. जुन्या पीडीएफ फाइलींनी मात्र घाम काढला. कित्येक परिपत्रकं युनिकोड ही अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमधली. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, आत साठवलेली अक्षरं मात्र रोमन असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरमाळ वाचत सुटतो. शोधातही ती फाइल सापडत नाही. जी परिपत्रकं आजही लागू आहेत ती आधी युनिकोडमध्ये नव्याने टंकून साध्या वेबपानांवर टाकली. बाकीची मागणी आल्यावर करून देतो.

कर्णबधिर प्रवाशांच्या बाजूने मला आधी फारसं सुचलं नव्हतं, त्यांनीच दाखवून दिलं. मदतीचा एकमेव मार्ग फोन नंबर होता. आता संदेश आणि ईमेलही आहे. व्हिडिओंना आपोआप तयार झालेली उपशीर्षकं होती, पण त्यांत थांब्यांची नावं हमखास चुकायची. ती आता माणूस वाचून दुरुस्त करतो.

हे टिकवायचं असेल तर रोज मजकूर चढवणाऱ्यांपर्यंत जावं लागतं. पर्यायी मजकूर लिहिल्याशिवाय चित्र चढतच नाही, अशी व्यवस्था केली. नव्या कंत्राटात अट घातली की वर सांगितलेली कामं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी पार पाडून दाखवल्याशिवाय देयक निघणार नाही. या एका अटीने आमच्या सगळ्या बैठकांपेक्षा जास्त काम केलं.

मार्गांचा नकाशा अजून सुगम्य नाही. त्याच्याखाली प्रत्येक मार्गाची थांबेनिहाय यादी दिली आहे आणि साइटच्या सुगम्यता निवेदनात ही उणीव स्पष्ट लिहिली आहे, सोबत तक्रारीसाठी थेट आमच्या विभागाचा ईमेल. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पुढच्या वेळी कीबोर्ड-माउसऐवजी एका हाताने स्विच, म्हणजे एक मोठं बटण, वापरून संगणक चालवणारे एक गृहस्थ येणार आहेत. त्यांच्यासाठी आम्ही हरवलेल्या वस्तूचा अर्ज निवडला आहे, कारण त्यात सगळ्यात जास्त टंकावं लागतं.