तुम्ही विचारलंत म्हणून: सर, तुम्ही मिलिट्रीत होता का?

व्याख्यान संपतं, शाल-नारळ होतो, चहा येतो आणि कुणीतरी खुर्ची जवळ ओढून विचारतं, "सर, तुम्ही स्वतः मिलिट्रीत हुता?" गेली तीस वर्षं हा प्रश्न मला चुकलेला नाही. आणि तो रास्तच आहे. गडहिंग्लज, चंदगड, आजरा या बाजूला घराघरात फौजी भेटतात. शिरोळकडचं सैनिक टाकळी तर सैनिक हा शब्द नावातच घेऊन बसलंय. अशा ठिकाणी लढायांवर तासभर बोलणाऱ्यानं आधी आपली पलटण सांगावी, ही अपेक्षा चुकीची कशी म्हणू?

तर, नव्हतो. तरुणपणी एकदा भरतीला उभा राहिलो. पळण्यात निघालो, चष्म्यात अडकलो. पुढं मोडी शिकलो आणि त्याच चष्म्यानं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातले जुन्या कागदांचे रुमाल सोडत बसलो.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो, कधी तोंडानं, कधी नुसत्या नजरेनं: "मग तुमास्नी लढाईतलं काय कळतं ओ?" चहा गार व्हायच्या आत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं देतो.

एका सभेत माझ्याऐवजी एका निवृत्त सुभेदारांनीच ते दिलं होतं. १९७१ ला ते आघाडीवर होते. म्हणाले, "लढाई लढाई म्हंतायसा, मी कुठं बघितली सगळी? माझ्या म्होरं एक धोंडा हुता. रातभर त्यो धोंडा बघितला." तो धोंडा मला कधीच दिसणार नाही, हे मी मान्य करून टाकलंय. पण त्या रात्री त्यांच्या मागं किती मैलांवर भाकरी होती, दारूगोळा कोणत्या रस्त्यानं येत होता, जखमींना कुणी उचललं, हे त्यांनाही दिसत नव्हतं. माझं काम तिथं सुरू होतं. माझ्या कपाटात शौर्यापेक्षा धान्य, जनावरं, पगार आणि पाऊस यांचेच कागद जास्त आहेत.

पन्हाळ्याचंच घ्या, आपल्या दारातलं आहे. सिद्दी जौहरचा वेढा मार्च १६६० मध्ये पडला आणि महाराज १२ जुलैच्या रात्री निसटले, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. दर जुलैत शेकडो माणसं पन्हाळा ते पावनखिंड चालतात. मीही पुष्कळदा चाललोय. आता गुडघे ऐकत नाहीत. पण ही १२ जुलै जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली आहे. आज भिंतीवर जे कॅलेंडर लटकतं, त्यानं ती रात्र २२ जुलैची. आषाढी पौर्णिमा होती, हे तिथीवरून पक्कं. हे सांगितलं की काही जण नाराज होतात, जणू मी इतिहासातलंच काहीतरी काढून घेतलं. अहो, मी दहा दिवसांचा पाऊस वाढवून दिलाय! आमच्याकडं जुलैच्या सुरुवातीचा पाऊस आणि बावीस तारखेचा पाऊस यांत किती फरक असतो, ते मसाई पठारावरच्या जांभ्यावर पाय ठेवला की कळतं. दगडावर शेवाळ धरलेलं असतं, खाली कासारीच्या खोऱ्यात ओढे भरलेले असतात, आणि पौर्णिमा असूनही ढगांमुळं चंद्राचा उपयोग शून्य.

या वाटेवर माझं लक्ष बाजीप्रभूंच्या आधी भोयांकडं जातं. बाजींबद्दल माझ्याहून चांगलं बोलणारे खूप आहेत. पण पालखी कुणीतरी उचललीच होती ना? चिखलात, अंधारात, पाठलाग मागं असताना. भोई खांदा बदलतात तेव्हा पालखी क्षणभर अडते. दर किती अंतरावर बदलला असेल खांदा? किती जोड्या असतील? ओढ्यात कोण आधी उतरलं? दुसऱ्या पालखीत बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद लोकांनी लक्षात ठेवला, हे फार चांगलं झालं. पण ती पालखी वाहणाऱ्यांचं काय झालं, हे मला आजवर एकाही श्रोत्यानं विचारलेलं नाही.

१८४४ चं बंड तर इथं फारसं कुणी विचारतच नाही. किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या ताब्यातून काढून मामलेदारांच्या हाताखाली घालायचं ठरलं, आणि गडहिंग्लजजवळचा सामानगड पेटला. पुढं बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर डांबलं. १ डिसेंबरला इंग्रजांनी पन्हाळा घेतला. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच पाडला गेला. आपण सुट्टीत कणीस खात त्याच्या दगडांवरून जातो. बंडाचं कारण काय, तर जमिनीचा कारभार. तलवार बाहेर आली ती नंतर.

आता ज्या प्रसंगानं मला या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तो सांगतो.

वीसेक वर्षं झाली असतील. गडहिंग्लज भागातलं एक कुटुंब घरी आलं. पणतू, त्याचे दोन चुलते, सोबत एक म्हातारी आजी. एका रुमालात मेडल बांधून आणलेलं. पणजोबा पहिल्या महायुद्धात "बसऱ्याला", म्हणजे आजच्या इराकात, गेलेले, बंदूक चालवलेली, घरात चार पिढ्या हीच गोष्ट. गावात कमान बांधायची होती आणि तीवर त्यांचं नाव घालायचं ठरलं होतं. "सर, शिपाई म्हणून तुमचं एक पत्र द्या, म्हणजे काम हुतंय."

मेडल हातात घेतल्या घेतल्या मला अंदाज आला. त्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचं मिळायचं. हे ब्राँझचं होतं. कडेवर नंबर, काम, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंग लावलं. पलटण ११० वी मराठा. नावाच्या आधी शब्द होता, "भिस्ती".

सांगावं की नाही, असा विचार मी केला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. चहा टाकायला सांगितला, दोन मिनिटं भिंगाशी खेळलो. मग सांगितलं. पखालवाले होते. पलटणीबरोबर गेलेले, पण पाणी वाहायला.

पणतू म्हणाला, "म्हंजे बंदूक नव्हती?"

"नव्हती."

खोलीत जे झालं त्याला शांतता म्हणता येणार नाही. एक चुलता जोरजोरात खोकायला लागला. मी बोलत सुटलो. ११० वी ज्या कुतमध्ये अडकली, तिथलं सांगितलं. तैग्रिसच्या वळणावरचं ते गाव, डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, पाच महिन्यांजवळ. घोडे कापून खायची वेळ आली. आपल्यातल्या पुष्कळांनी घोड्याचं मांस बराच काळ नाकारलं आणि स्कर्व्हीनं हिरड्या सुजून माणसं पडली. मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना मात्र बेरीबेरी झाला. कणीक खाणारे आपले लोक त्यातून वाचले. दळायला जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याची तळी टाकली. आभाळातून जातं! २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली, त्यांत तीन हजारांवर अशीच बिनबंदुकीची होती. पाणके, खेचरवाले, स्वयंपाकी. तुमचे पणजोबा कुतमध्ये होते असं मेडल सांगत नाही, हेही बजावलं. पण त्या मुलखातल्या उन्हात पखाल आली नाही तर बंदुकवाला किती तास उभा राहील, याचा हिशेब करा म्हटलं.

हिशेब कुणी केला नाही. पणतू मेडल परत रुमालात बांधत होता. शेजारी मोठ्ठ्यानं टीव्ही चालू होता. तेवढ्यात ती आजी, पणजोबांची धाकटी सून, पहिल्यांदाच बोलली.

"मामंजींचा डावा खांदा कायम खाली असायचा. सदरा शिवताना शिंपी बी म्हणायचा. आमी समजायचो, बंदुकीनं झालंय."

"आजी, गप की," पणतू म्हणाला.

ती गप्प बसली नाही. उठून उभी राहिली आणि आपला खांदा खाली सोडून मला दाखवला, असा. मी भिंग खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी पखालीचं वजन, पाण्याचं रेशन, उन्हाचे आकडे असं काय काय जमवलं होतं. खांदा माझ्याकडं नव्हता.

पत्र मी दिलं. त्यात मेडलच्या कडेवर जे आहे तेच लिहिलं, शब्द न बदलता. ते त्यांच्या कामाचं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

पुढं कधीतरी त्या गावावरून एसटीनं गेलो. कमान झालीय. बाकीच्या नावांपुढं शिपाई, नाईक, हवालदार असं आहे. त्यांचंही नाव आहे. पुढं हुद्दा घातलेला नाही.