दीव : पडझड न झालेली वसई

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला आणि पुढच्याच वर्षी, हुमायूनच्या फौजा गुजरातेत घुसल्यावर, मदतीच्या आशेने दीव बेटावर किल्ला बांधण्याची परवानगीही देऊन टाकली. वसईतला फिरंगी अंमल चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये मोडून काढला. दीवमधला मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे त्यानंतरही जवळजवळ सव्वादोनशे वर्षे, चालूच राहिला. वसईच्या किल्ल्यातल्या छपरे नसलेल्या चर्चमधून लहानपणापासून हिंडलेल्या माझ्यासारखीला दीवची ओढ होती ती मुख्यतः यामुळे. तिथल्या समुद्रकिनाऱ्यांची कीर्ती ऐकली होती, पण मला पाहायचे होते ते हे की, हीच माणसे आपल्याकडे टिकली असती तर वसईचे काय झाले असते.

वांद्र्याहून वेरावळपर्यंत रेल्वेने आणि तिथून कोडिनार, उना असे रस्त्याने गेले की सौराष्ट्राचे दक्षिण टोक येते. त्याला खेटून, मध्ये फक्त खाडी ठेवून, हे सुमारे ४० चौरस किलोमीटरचे बेट पसरले आहे. पुलाच्या अलीकडचे घोघला मुख्य भूमीवर असूनही दीवच्याच हद्दीत मोडते, आणि हद्द लागल्याचे पाटीच्या आधी दारूच्या दुकानांवरून कळते. गुजरातेत दारूबंदी असल्याने शनिवार-रविवारी इथे जी झुंबड उडते, तिच्यात सापडलेला माणूस दीवला शांत म्हणणार नाही. मंगळवारी-बुधवारी जावे. तेव्हा रस्ते मोकळे असतात, खोल्या स्वस्त मिळतात आणि बंदर चौकातला चहावालासुद्धा निवांत बोलतो.

किल्ल्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवावी. तीन बाजूंना समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खडक फोडून काढलेला खंदक, अशी त्याची रचना आहे. पूल ओलांडून दरवाज्यातून आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो वारा आणि त्यानंतर तोफा. कुठे बुरुजावर रोखलेल्या, कुठे भिंतीकडेला नुसत्याच पडून राहिलेल्या, इतक्या तोफा आपल्याकडच्या कुठल्याही एका किल्ल्यात मी पाहिलेल्या नाहीत. दीवची सर्वांत नावाजलेली तोफ मात्र दीवमध्ये नाही. सुलतानासाठी १५३३ मध्ये ओतलेली ती अरबी लेख असलेली अजस्र तोफ पोर्तुगीजांनी उचलून नेली आणि आज ती लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे. परवानगी देणाऱ्या बहादूरशहाचे पुढे काय झाले, तेही इथेच समजते. किल्ला दिल्याचा पश्चात्ताप झालेला हा सुलतान १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कून्या याला जहाजावर भेटायला गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत दीवच्या समुद्रात मारला गेला.

पुढच्याच वर्षी तुर्कांचा सुलेमान पाशा आरमार घेऊन आला आणि किल्ल्याला वेढा पडला. १५४६ मध्ये गुजरातच्या फौजेने दुसऱ्यांदा वेढले. या दुसऱ्या वेढ्याची एक गोष्ट मला बुरुजांपेक्षाही जास्त आठवते. गोव्याहून कुमक घेऊन आलेल्या पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने वेढा उठवला खरा, पण किल्ला ढासळलेला आणि तिजोरी रिकामी. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले. याच वेढ्यात मरण पावलेल्या आपल्या मुलाच्या अस्थी तारण ठेवायचा त्याचा विचार होता, पण प्रेत बाहेर काढण्याच्या अवस्थेत नव्हते. तेव्हा त्याने स्वतःच्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवले. पोर्तुगालमध्ये ही गोष्ट बाणेदारपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला त्यात बाणेदारपणाइतकाच, दुसऱ्याच्या किनाऱ्यावरच्या दगडांपायी काय काय गहाण पडते, याचा हिशेबही दिसतो.

बुरुजावरून खाली पाहिले की खाडीच्या तोंडाशी पाणीकोठा दिसतो, पाण्यातच उभा केलेला लहानसा जलदुर्ग, आणि मागे वळले की दीपगृह. १९६१ च्या डिसेंबरात याच किल्ल्यावर भारतीय नौदलाच्या ‘दिल्ली’ या क्रूझरने समुद्रातून तोफा डागल्या होत्या आणि ‘व्हेगा’ ही पोर्तुगीज गस्ती नौका विमानहल्ल्यात बुडाली होती. किल्ल्यात या शेवटच्या लढाईची माहिती पहिल्या दोन वेढ्यांच्या मानाने फारच त्रोटक मिळते, हे मला खटकले.

गावात शिरल्यावर मात्र वसईची तुलना मनातून हटत नाही. १६१० मध्ये पूर्ण झालेल्या सेंट पॉल चर्चचा पांढरा दर्शनी भाग नक्षीने भरलेला आहे, आत लाकडी वेदीवर कोरीव काम आहे, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर छप्पर आहे. वसईत ज्या कमानींतून वडा-पिंपळाची मुळे उतरलेली पाहायची सवय, तशाच कमानींखाली इथे बाके ओळीने मांडलेली, फुलदाण्यांत ताजी फुले. सेंट थॉमस चर्चचे संग्रहालय झाले आहे आणि लाकडी संतांच्या मूर्ती तिथे ओळीने उभ्या आहेत. असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च तर रुग्णालय म्हणून वापरात आले. म्हणजे ज्यांच्यासाठी या वास्तू बांधल्या ती माणसे उरली नाहीत, पण वास्तू कामाला लागल्या. ख्रिस्ती कुटुंबे आता अगदी थोडी आहेत. वसईत नेमके उलटे झाले : किल्ल्यातली चर्च मोडली आणि बाहेरच्या गावांतला ख्रिस्ती समाज मराठी बोलत चांगला वाढला. टिकण्याचेही किती प्रकार असतात!

फिरंगीवाड्याच्या पलीकडे, झांपा दरवाज्याच्या दिशेने जाणाऱ्या गल्ल्यांत रंगीत घरे आहेत. नक्षीदार सज्जे, जाळीचे कठडे, आणि कितीतरी दारांना कुलपे. एका ओट्यावर बसलेल्या वयस्क काकांनी “आवो बेन, बेसो” म्हणून बोलावले. त्यांचे प्राथमिक शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेले. शाळेत पाठ केलेल्या लिस्बनच्या नदीचे नाव त्यांनी मला अजून बिनचूक सांगितले. समोरच्या तीन घरांतली माणसे लिस्बनला, तिथून इंग्लंडात, असा हिशेब त्यांनी बोटांवर मांडला. दीवचे व्यापारी आणि विणकर पूर्वीपासून मोझांबिकला जात असत. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क राहिल्यामुळे पुढे त्यांच्या मुला-नातवंडांनाही युरोपची वाट खुली झाली. दीवची शांतता मला आवडली, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “दिवाळीत या, मग सगळी घरे उघडी असतात.”

किल्ला आणि चर्च यांना दगड कुठून मिळाला, याचे उत्तर नायडा इथे आहे. लोक याला गुहा म्हणतात, पण बहुतांशी ही दगडाची जुनी खाण आहे. आत शिरल्यावर उंच भिंतींवर छिन्नीच्या तिरक्या रेघा एकाखाली एक स्पष्ट दिसतात. काही ठिकाणी ठोकळा सोडवून घेतल्याची काटकोनी खोबणी तशीच राहिली आहे. मी एका खोबणीवर वितीने माप घेतले : रुंदी साधारण दोन विती, कोपरा अजून धारदार. वर छतच नसल्याने किंवा फुटल्याने उन्हाचे झोत तिरपे येतात आणि मुळे खालपर्यंत लोंबतात. छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी इथे असते आणि त्यात गैर काही नाही, पण किल्ला पाहून मग इथे यावे. आधी आल्यास फक्त सुंदर उजेड दिसतो, कोरून नेलेले गाव दिसत नाही.

किनाऱ्यांबद्दल थोडक्यात. नागवा हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, उथळ आणि सर्वांत गजबजलेला. त्याच्या मागे होका नावाचे, फांद्या फुटलेले ताड उभे आहेत, जे पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणले असे इथले लोक मानतात. घोघल्याचा लांबलचक किनारा मला अधिक आवडला. त्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले आणि त्याची स्वच्छता खरोखरच जाणवते. फुदमजवळच्या गंगेश्वराला भरतीच्या वेळी जावे, कारण खडकातल्या पाच शिवलिंगांवर लाट स्वतः अभिषेक करून जाते. चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि त्यांतच जहाज न सोडणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही होते. काचेतल्या जहाजाच्या प्रतिकृतीसमोर बराच वेळ कोणी बोलत नव्हते.

बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा आहे आणि पर्यटकांच्या यादीत तो अनेकदा सुटतो. सकाळी लवकर गेल्यास होड्या लागलेल्या असतात, मासळीचे ढीग बर्फासह टोपल्यांत भरले जातात आणि बाजूला नव्या होडीच्या लाकडी सांगाड्यावर सुतार काम करत असतात. बोंबील वाळत घातलेले पाहून मी चौकशी केली. विकणाऱ्या बाईंनी, जाफराबादच्या नावाने मुंबईत विकला जाणारा माल आणि त्यांचा माल एकाच समुद्रातला असल्याचे ठणकावून सांगितले, भाव एका पैशाने उतरवला नाही, आणि वर मूठभर सुकट टाकून पिशवी घट्ट बांधून दिली.