पॅकेजांचं पेव

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी एक काम करतो ज्याचे मला कोणी पैसे देत नाही, आणि बायकोच्या मते कधी देणारही नाही. चहा घ्यायचा, लॅपटॉप उघडायचा आणि आर या संगणकाच्या भाषेच्या क्रॅन नावाच्या कोठारात गेल्या महिन्यात कुठली नवीन पॅकेजं आली त्याची यादी काढायची. मग त्यातली पाच-सहा निवडून ग्रुपवर टाकायची. ग्रुपमध्ये आम्ही शिवाजी विद्यापीठात स्टॅटला एकत्र असलेले सातजण, त्यातले दोघं वाचतात, बाकीचे अंगठा दाखवतात. चार वर्षं चाललंय हे.

सगळ्यांना वाटतं यादी काढायला काय लागतं, तारखेनं सॉर्ट मारलं की झालं. मलापण तसंच वाटायचं, आणि त्या नादात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय, ते सांगतोच पुढे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर ही आम्हा आकडेवाल्यांची भाषा, न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी सुरू केलेली. भाषा स्वतः तशी आटोपशीर, खरा माल लोकांनी बाहेरून लिहिलेल्या पॅकेजांत, म्हणजे एकेका कामाच्या तयार कोडच्या गठ्ठ्यांत, आणि ती पॅकेजं जिथं ठेवतात ते क्रॅन. १९९७ साली व्हिएन्नात कुर्ट हॉर्निक आणि फ्रिडरिश लाइश यांनी ते चालू केलं तेव्हा तिथं पॅकेजं होती फक्त १२. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटांचे प्रकार याहून जास्त आहेत. नावसुद्धा उसनं घेतलेलं, आधी टेक या छपाईच्या मांडणीच्या प्रणालीवाल्यांचं सीटॅन, मग पर्ल या दुसऱ्या भाषेवाल्यांचं सीपॅन, त्या चालीवर हे क्रॅन. जानेवारी २०१७ मध्ये १०,००० चा आकडा पार झाला आणि आता २०,००० च्या वर गेलंय. याला आपल्याकडे एकच शब्द आहे, पेव फुटणे.

आता सांगलीच्या माणसाला पेव म्हटलं की हरिपूर आठवतं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खणलेली हळदीची पेवं, तोंड लहान पोट मोठं, हळद आत वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात पाणी घुसलं आणि बरीचशी गेली. आमचे अण्णा तीस वर्षं मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते, ते सांगतात की पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर माणूस आत सोडत नाहीत. क्रॅनलापण जुन्या फाइली ठेवायचं असं एक पेव आहे, त्याचं नाव अर्काइव्ह, आणि मी त्यात कंदील न सोडता उतरलो होतो.

झालं असं की क्रॅनवर तारखेप्रमाणे लावलेलं पॅकेजांचं एक पान आहे. पहिल्याच महिन्यात मी ते घेतलं, गेल्या महिन्याच्या तारखा असलेलं सगळं उचललं, यादी काय संपता संपेना, मला वाटलं बापरे जग कुठं चाललंय. मग त्यातली बरी वाटणारी निवडली आणि ग्रुपवर मोठ्या थाटात टाकलं की रॉब हिंडमन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या प्राध्यापकानं फोरकास्ट नावाचं एक भारी नवीन पॅकेज आणलंय, दर-बिर काढायला उपयोगी पडेल, बघा सगळ्यांनी. दोन मिनिटांत पुण्याच्या मित्राचं उत्तर, "भावा त्यावर माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट झालाय, तू शेजारच्या बाकावर होतास." अजून वाढदिवसाला तेच टाकतात.

त्या पानावरची तारीख असते ती पॅकेजची सगळ्यात ताजी आवृत्ती कधी आली त्याची. पॅकेज पंधरा वर्षं जुनं असू दे, काल एक स्वल्पविराम दुरुस्त करून परत पाठवलं असेल तर ते वरच दिसणार. म्हणजे गाडी नवीन नाही, पासिंग नवीन.

मग नवीन ओळखायचं कसं? नवी आवृत्ती आली की आधीची फाइल अर्काइव्हमध्ये जाते. म्हणजे ज्याचं अर्काइव्हमध्ये काहीच नाही ते पॅकेज आजवर एकदाच आलंय. आणि त्या अख्ख्या पेवाची वही तयार मिळते, मेटा नावाच्या फोल्डरात अर्काइव्ह डॉट आरडीएस अशी फाइल आहे, ती वाचायची, आत्ताच्या पॅकेजांच्या नावांतून तिच्यातली नावं सेटडिफनं वजा करायची, उरलेल्यांत गेल्या महिन्याची तारीख असलेली ठेवायची. सात ओळींचं स्क्रिप्ट. मी खूश.

सहा महिन्यांनी लक्षात आलं की यातून काही पॅकेजं निसटतायत. समजा एखादं तीन तारखेला आलं, लोकांनी लावून बघितलं, चूक सापडली, वीस तारखेला दुरुस्त होऊन परत आलं. पहिली फाइल गेली अर्काइव्हमध्ये, आणि माझं स्क्रिप्ट म्हणतंय हे जुनं आहे, टाका बाहेर. नव्या पॅकेजांत हे बऱ्याचदा होतं कारण चुका बाहेर पडल्यावरच दिसतात. म्हणजे ज्या माणसानं महिन्याभरात लोकांचं ऐकून दुरुस्ती केली नेमका तोच माझ्या यादीतून गायब, आणि जो टाकून निवांत झोपला तो यादीत. उलटा कारभार. मग नियम बदलला, अर्काइव्हमध्ये नाव असलं तरी त्यातल्या सगळ्यात जुन्या फाइलची तारीख बघायची, ती गेल्या महिन्यातली असेल तर नवीनच धरायचं.

काही आणखी चमत्कारिक असतात, आलं आणि महिना संपायच्या आत काढूनपण टाकलं, ती नुसती अर्काइव्हमध्येच सापडतात. आणि काही माघारी आलेली. चार वर्षांपूर्वी काढून टाकलेलं पॅकेज कोणीतरी दुरुस्त करून परत आणतं, कधी लेखकच, कधी दुसराच कोणी. याला नवीन म्हणायचं का जुनं, यावर मी आणि पुण्याचा मित्र एकदा रात्री बारापर्यंत भांडलोय. माझं मत, माहेरी आलेल्या मुलीला कोणी नवीन पाहुणी म्हणत नाही. मी ती वेगळ्या मथळ्याखाली टाकतो, "परत आलेली".

काढून टाकतात म्हणजे काय तेपण सांगतो. क्रॅनवर नुसतं अपलोड केलं आणि झालं असं नसतं. पॅकेजवर आर सीएमडी चेक नावाची तपासणी चालते, लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे, शिवाय आरच्या अजून बाहेर न आलेल्या आवृत्तीवरसुद्धा. पहिल्यांदा येणाऱ्या पॅकेजवर माणसाची नजरपण फिरते. नाव अक्षरानंच सुरू झालं पाहिजे, निदान दोन अक्षरी पाहिजे, शेवटी टिंब चालत नाही, वर्णनाची सुरुवात "हे पॅकेज" अशी करायची नाही, असले बारीक बारीक नियम. आणि एकदा आत गेलात म्हणून कायमचे आत असंही नाही. आर बदलली आणि तुमचं पॅकेज तपासणीत अडकायला लागलं की लेखकाला मेल जाते, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा. नाही केलं तर अर्काइव्ह. त्याच्यावर उभी असलेली बाकीची पॅकेजंही मग गोत्यात. माझंच एक काम असं लटकलं होतं, द्राक्षवाल्या एका गिऱ्हाइकाचा रिपोर्ट दर महिन्याला आपोआप निघायचा, तो एका सकाळी निघेना, बघतो तर ज्या छोट्या पॅकेजवर मी तो बांधला होता तेच गेलेलं. जुनी फाइल पेवात होती म्हणून ती काढून लावली आणि वेळ मारून नेली, पण तेव्हापासून कुणाच्याही पहिल्या आवृत्तीवर पैशाचं काम बांधत नाही.

हे सगळं बघणारी क्रॅनची माणसं मोजकी आणि स्वयंसेवक. त्यामुळं उन्हाळ्यात आणि वर्षाच्या शेवटी ते काही दिवस नवीन काही घेतच नाहीत, सरळ दार बंद. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. ऑगस्टात माझी यादी रोडावते आणि तेवढ्यात आपल्याकडं सगळी सांगली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं डोळे लावून बसलेली असते, पाणी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं ते कोणी विसरत नाही. मग मी पॅकेजं सोडून पातळीचे आकडे मांडत बसतो.

बरं, यादी हातात आली, माझ्या मोजणीनं साधारण दीडशे ते अडीचशे नावं महिन्याला. आता वाचायची कशी? नुसत्या शीर्षकावर गेलात तर फसलात, लग्नपत्रिकेवरून जेवण कसं होतं ते कळत नाही. अण्णा दुकानात असताना हळदीच्या पोत्याला वरून हात लावून कधी बोलायचे नाहीत, आतलं हळकुंड काढायचं, कटकन मोडायचं, मोडीचा रंग बघायचा. मी पॅकेजात तेच करतो. आधी बघतो ते किती दुसऱ्या पॅकेजांवर उभं आहे, साधं एक सूत्र चालवायला पंचवीस पॅकेजं लागत असतील तर राम राम. मग विन्येट आहे का, म्हणजे लेखकानं नीट बसवून चार शब्द समजावलेत का. मग सोबत दिलेला डेटा. ज्यानं खऱ्या डेटावर काम केलंय त्याच्या उदाहरणात रिकाम्या जागा असतात, वेड्यावाकड्या तारखा असतात. ज्यानं आरनॉर्म, म्हणजे आरचं मनचे आकडे पाडणारं फंक्शन, मारून शंभर आकडे तयार केलेत त्याचं पॅकेज मी ठेवतो, पण वाट बघतो.

शेतीच्या बाबतीत मात्र मी पक्षपाती आहे, शेतीचं काही दिसलं की आधी तेच उघडतो. पेरूच्या फेलिपे दे मेंडिबुरूंचं अ‍ॅग्रिकोले, केव्हिन राइटचं अ‍ॅग्रिडॅट, ज्यात शेतीच्या प्रयोगांचे जुने डेटा गोळा केलेत, यांच्यावर कृषीच्या कितीतरी पोरांचे प्रबंध उभे राहिलेत, आमच्याकडं डेटा घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हीच दाखवतो. आणि गेल्या काही वर्षांत आपल्या दिल्लीच्या आयएएसआरआय या कृषी सांख्यिकीच्या संस्थेतल्या मंडळींची नावं यादीत भरपूर दिसतात, बाजारभावाचे अंदाज काढणारी पॅकेजं, वेव्हलेटअरिमा वगैरे. आनंद वाटतो, खोटं कशाला बोलू, त्या यादीत आपल्याकडची नावं बघून छाती फुगते. पण एक तक्रार आहे. एक पद्धत घ्यायची, तिला दुसरी जोडायची, झालं नवीन पॅकेज, पुढच्या महिन्यात तीच पहिली पद्धत आणि तिसरी. एकाच मसाल्याची दहा पाकिटं. सगळी एका डब्यात भरून, कधी कुठली वापरायची हे एका पानात सांगितलं असतं तर माझ्यासारख्याला जास्त उपयोग झाला असता. असो, पेपर मोजून बढती मिळते तिथं पॅकेजं मोजली जाणारच.

पायथनवाले मित्र हसतात, म्हणतात आमच्या पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या क्रॅनवर, नवीन पॅकेजांचा आरएसएस फीड, म्हणजे आपोआप येणारी यादी, आयता मिळतो, तू कसले पेवात उतरायचे धंदे करतोस. खरंय, पण तिथं कोणीही काहीही टाकू शकतं, मे २०२३ मध्ये घातक पॅकेजांचा इतका लोंढा आला की त्यांना काही काळ नवीन खाती आणि नवीन प्रोजेक्ट घेणंच थांबवावं लागलं. तो फीड रोज वाचायचा म्हणजे गणपती पेठेत दिवाळीच्या आदल्या दिवशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घेण्यासारखं आहे. माझं महिन्याचं दोनशे मला झेपतं.

या रविवारीपण बसलो होतो. अण्णा शेजारी भडंग खात बसलेले, चष्मा वर करून स्क्रीनकडं बघत.

"काय करालायस रे सकाळपासनं?"

"नवीन माल आलाय तो बघतोय अण्णा."

"दर सांगणारं आहे काय काही?"

"आहेत की, चार आलीत."

"चौघांचा दर एक आहे काय?"

चारही लावली, राजापुरी हळदीचे यार्डातले जुने दर घातले, चौघांचे चार वेगळे आकडे आले, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यात क्विंटलला दोन हजारांचा फरक. अण्णांनी ते बघितलं, भडंगातला शेंगदाणा शोधून तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरोबर आहे की. सौद्याला पण चार खरेदीदार असलेच बोलतात." मग मी त्यातलं जे मोडून बघताना बरं वाटलं ते एक ग्रुपवर टाकलं. पुण्याच्या मित्रानं विचारलं, हे तरी नवीन आहे ना?