वारशाने आलेले मुलाम्याचे चमचे आणि ‘शुद्धता’ नावाचा रकाना

माझ्या आजोबांनी १९४७ च्या सुमारास देवळाली छावणीतील एका लिलावात सहा चमचे घेतले होते. वाटणीत ते माझ्याकडे आले, तेव्हा ते कोणी घडवले हे शोधून त्याची नोंद भावंडांना द्यावी, एवढीच माझी इच्छा होती. ते चांदीचे नसून चांदीचा मुलामा दिलेले आहेत, हे दिसतच होते, कारण जिथे चमचा टेबलावर टेकतो त्या पाठीच्या फुगवट्यावर मुलामा उडून खालचा पिवळसर धातू उघडा पडला होता.

जुन्या वस्तूंची ओळख आणि मूल्यमापन करून देणाऱ्या मुंबईतील एका संस्थेकडे मी शुल्क भरून अर्ज केला आणि तिथेच सगळे अडले. त्या अर्जात धातूच्या शुद्धतेचा रकाना सक्तीचा आहे आणि त्यात ९९९, ९२५, ९०० आणि ८०० (हजार भागांत चांदीचे भाग किती) एवढेच पर्याय आहेत. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही, आणि ९२५ निवडावे तर ते धडधडीत खोटे ठरते. मी दूरध्वनी केला तेव्हा ‘मॅडम, सिल्व्हर लिहिले आहे ना, मग प्युरिटी द्यावीच लागेल’ असे उत्तर मिळाले. मुलाम्याच्या वस्तूला शुद्धतेचा आकडा नसतो, चांदी फक्त वरच्या थरात असते, हे मी लेखी कळवले, त्यावर त्यांनी शुद्धता तपासणी केंद्राचा दाखला मागितला. केंद्राने मुलाम्याच्या वस्तू आपण तपासत नाही असे सांगून चमचे परत दिले. हे मी संस्थेला कळवल्यावर ‘दाखल्याअभावी प्रलंबित’ असा शेरा पडला आणि तो कित्येक आठवडे तसाच राहिला. ज्या संस्थेचे कामच वस्तू ओळखणे हे आहे, तिने चांदी आणि मुलामा यांतला भेद आपल्या अर्जातच ठेवू नये, याचा मला आजही राग येतो. शिवाय शुद्धता आणि निर्माता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मी विचारला होता तो दुसरा.

याच काळात एका सराफाने कानस लावून आणि तेजाबाचा थेंब टाकून बघतो असे सुचवले, ते मी होऊ दिले नाही. मुलाम्याच्या वस्तूवर ही परीक्षा करून आपल्याला आधीच ठाऊक असलेलेच कळते आणि वस्तूवर मात्र कायमचा डाग राहतो.

लोकांचा गोंधळ होतो तो दांड्यामागच्या ठशांमुळे. माझ्या चमच्यांवर आधी एक झिजलेली आकृती आणि मग वेगवेगळ्या चौकटींत ई, पी, एन, एस ही इंग्रजी अक्षरे आहेत. ती शुद्धतेच्या शिक्क्यांसारखी दिसावीत अशीच मांडलेली असतात, पण त्यांचा अर्थ ‘इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर’ एवढाच आहे, आणि हे निकेल सिल्व्हर, म्हणजे आपले जर्मन सिल्व्हर, तांबे, जस्त आणि निकेल यांचे असून त्यात चांदीचा अंशही नसतो. इंग्लंडमधील जुन्या, खऱ्या स्टर्लिंग (म्हणजे ९२५) चांदीवर चालत्या सिंहाची छाप आणि तपासणी कार्यालयाचे चिन्ह असते, जसे बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर किंवा १९७५ मध्ये गुलाब येण्यापूर्वी शेफिल्डचा मुकुट. काही चमच्यांवर ‘ए १’ असेही असते, पण ती मुलाम्याची प्रत आहे आणि ती निर्मात्याने स्वतःच ठरवलेली असते.

म्हणजे अक्षरे बाजूला ठेवून त्या झिजलेल्या आकृतीकडे वळणे भाग होते. सहाही चमचे सारखे झिजलेले नव्हते, हे माझ्या पथ्यावर पडले. अंधाऱ्या खोलीत विजेरी अगदी आडवी धरून मी प्रत्येक ठशाचे छायाचित्र घेतले, आणि पातळ बटर पेपर ठेवून त्यावर मऊ पेन्सिल हलकेच घासली. एका चमच्यावर आकृतीची वरची कड आली, दुसऱ्यावर निमुळते टोक आले, तिसऱ्यावर ‘डब्ल्यू’ आणि ‘एच’ यांमधली खूण स्पष्ट दिसली. सगळे एकत्र ठेवताच ते फडकते निशाण आहे हे कळले. निशाणात ‘डब्ल्यू अँड एच’ ही शेफिल्डच्या वॉकर अँड हॉल या कारखान्याची खूण आहे, हे छापील ठसासूचीत पाहिल्यावर मला झालेला आनंद मी लपवणार नाही. (जेम्स डिक्सन अँड सन्स यांची खूण कर्णा, विल्यम हटन यांची आडवे-तिरपे बाण, म्हणून आकृतीचा आकार आधी पाहावा.)

जॉर्ज वॉकर यांनी १८४५ मध्ये, म्हणजे बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतल्यानंतर पाच वर्षांनी, शेफिल्डमध्ये हा व्यवसाय सुरू केला. हेन्री हॉल १८५३ मध्ये भागीदार झाले, त्यामुळे ‘एच’ असलेला चमचा त्याआधीचा असूच शकत नाही, आणि आजोबांच्या खरेदीने दुसरी मर्यादा आपोआप ठरते. ‘आरडी’ (रजिस्टर्ड, म्हणजे नोंदणीकृत) आणि त्यापुढे क्रमांक असता तर काळ आणखी नेमका सांगता आला असता, कारण १८८४ पासून इंग्लंडमध्ये नमुन्यांची नोंद सलग क्रमांकाने होत होती आणि १९०० च्या आरंभी तो क्रमांक साडेतीन लाखांच्या थोडा पुढे होता. मावशीकडच्या अमेरिकन चमच्यावर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असे आहे. ते साल मात्र घडणीचे नव्हे, व्यापारी नावाचाच तो भाग आहे.

संस्थेचे काम अखेर सुटले ते शोभेच्या वस्तूंच्या विभागामुळे. तिथल्या अर्जात शुद्धतेचा रकाना नाही, आणि तिथल्या बाईंनी माझी छायाचित्रे पाहून निर्मात्याच्या नावाला लगेच दुजोरा दिला. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी चांदीच्या विभागात मुळीच जाऊ नये.

हे आधीच सांगायला हवे होते: ठसा ओळखल्याशिवाय चमचे नव्याने मुलाम्याला देऊ नका, आणि चिंच किंवा पावडर लावून जोराने घासूही नका. ठसा मूळ धातूवर आधी उमटवलेला असतो आणि मुलामा त्यानंतर चढतो, त्यामुळे प्रत्येक नव्या थराने त्याच्या कडा बुजत जातात. मी चमचे उघड्या पडलेल्या धातूसकट तसेच ठेवले आहेत.