बर्फातलं शिराकावा-गो : माझा अनुभव

जपानमध्ये मी शिकते त्या नागोयात फेब्रुवारीच्या सुरुवातीला परीक्षा आटोपतात आणि एप्रिलपर्यंत मोठी सुट्टी लागते. या सुट्टीत मला एकच गोष्ट करायची होती, भर हिवाळ्यातलं शिराकावा-गो बघायचं. गिफू प्रांताच्या डोंगरांतलं हे खोरं. त्यातलं ओगिमाची हे गाव शेजारच्या गोकायामासह १९९५ साली जागतिक वारसा यादीत गेलं. उंच, तिरप्या गवती छपरांची घरं आणि त्यांवर जाड बर्फ, हा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण विद्यार्थ्याच्या खिशातून तिथे कसं जायचं आणि गेल्यावर बर्फात नीट कसं फिरायचं, हे विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या मोजक्या संध्याकाळी गावात दिव्यांची रोषणाई असते. २०१९ पासून तिला आधी नोंदणी केल्याशिवाय जाता येत नाही आणि जागा फार लवकर संपतात. मी तो नाद सोडला आणि आठवड्याच्या मधला साधा दिवस धरला. गर्दी कमी, खोली स्वस्त. मुक्काम जवळच्या ताकायामा शहरात ठेवला, कारण तिथून शिराकावा-गोची बस साधारण पन्नास मिनिटांत पोचते. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही तिकिटं आधीच काढा. परतीची बस भरलेली निघाली तर अंधार पडल्यावर त्या थंडीत थांबायला फारशी जागा नाही.

नागोया ते ताकायामा बसही आहे आणि ती स्वस्त पडते. तरी जाताना मी रेल्वेच घेतली आणि ते पैसे वसूल झाले. नागोयात लख्ख ऊन, कोरडी हवा. गाडी हिदा नदीच्या काठाने वर चढू लागली आणि गेरोच्या पुढे शेतं, छपरं, नदीतले खडक, सगळं पांढरं होत गेलं. सैबेरियाकडून येणारा थंड वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि या डोंगरांना अडून ते सगळं बर्फ होऊन इथे पडतं. नागोयाला उरतो तो कोरडा वारा. भूगोलाच्या तासाला शिकलेला मोसमी वारा मला त्या खिडकीतून पहिल्यांदा खरा कळला.

कपड्यांपेक्षा पायांकडे लक्ष द्या. थंडी एकावर एक तीन थरांनी भागते. बुटांना मात्र पर्याय नाही. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे बूट हवेत आणि त्यांवर चढवायचे रबरी खिळपट्टे. दुपारी उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि तीननंतर त्याचीच काच होते. तेव्हा पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून आणि हात खिशाबाहेर. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. खिशात ठेवायच्या गरम पुड्या, म्हणजे काइरो, कोणत्याही कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, मिळतात. लोकरी मोज्यांचा एक जोड जास्तीचा घ्या. जुनी घरं आतून बघताना बूट काढावे लागतात आणि लाकडी जमीन बर्फाइतकीच गार असते.

शो नदीवरचा झुलता पूल ओलांडला की गाव सुरू होतं. बहुतेक जण थेट वरच्या टेकडीवर फोटोला धावतात. पायवाट बर्फामुळे बंद होती, म्हणून मीही छोट्या बसने वर गेले. वरून एक गोष्ट छान दिसते. जवळजवळ सगळ्या घरांची तोंडं एकाच दिशेला आहेत, दरी जशी जाते तशी. त्यामुळे खोऱ्यातला वारा छपरावर आडवा आदळत नाही आणि दोन्ही उतारांना ऊन मिळतं. उतार साधारण साठ अंशांचा, म्हणजे ओला, जड बर्फ साचून राहत नाही.

पण खरा वेळ द्या तो घराच्या आत. वादा घराण्याचं घर गावातलं सर्वांत मोठं. चुलाण्यातला धूर वर चढतो, गवत आणि दोरखंड सुकवतो, किड्यांपासून वाचवतो. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत, जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही, सगळ्या गाठी. हे छप्पर तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं आणि ते एका घराचं काम नाही. अख्खं गाव हात लावतं, त्या रिवाजाला तिथे ‘युइ’ म्हणतात. आपल्याकडे इर्जिक घालून एकाचं शेत सगळे मिळून नांगरतात, तसंच हे. मला हे गाव आवडलं ते मुख्यतः यासाठी. घरांमधून लोक राहतात, सकाळी फावडी घेऊन बर्फ उपसतात, तो पाण्याच्या पाटात ढकलतात. म्हणून त्यांच्या अंगणात शिरू नका आणि छपराखाली उभं राहू नका, वरचा बर्फ एकदम कोसळतो. आगीचं तर नावच नको. गवताच्या या गावात ५९ पाण्याच्या तोफा सज्ज ठेवलेल्या आहेत.

मी शाकाहारी आहे आणि जपानमध्ये खरी अडचण मांसाची नसते, ‘दाशी’ची, म्हणजे माशाच्या अर्काच्या पाण्याची असते, ती सुपात, सॉसमध्ये, भाजीतही असते. त्यामुळे मुक्कामाच्या जागी खोली घेतानाच कळवलं. बाहेर प्रत्येक ठिकाणी विचारून खाल्लं. गोहेइमोची, म्हणजे कांडलेल्या भाताची काडीला थापून भाजलेली वडी, हा त्या थंडीत मोठा आधार.

दुसऱ्या दिवशी ताकायामाचा मियागावा काठचा सकाळचा बाजार केला. शेतकरी बायका लाल सलगमाचं लोणचं आणि सफरचंदं घेऊन बसल्या होत्या. मग ताकायामा जिन्या. १६९२ साली शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या लष्करी सत्ताधीशांनी, हिदा प्रांत थेट आपल्या ताब्यात घेतला, तेव्हापासूनचा सरकारी कारभार या कचेरीतून चाले. तिथेही बूट पिशवीत घालून मोज्यांवरच फिरायचं असतं, आणि जास्तीचा जोड तिथेच कामी आला. परतीला मात्र मी बस घेतली, ती रेल्वेपेक्षा बरीच स्वस्त पडली.